सत्ताविसावं वजन

काटेवालीचं दुकान लोखंडी सामानाच्या बाजाराच्या तोंडाशीच होतं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची एक खोली. भिंतीवर पोट उघडून टांगलेले वजनकाटे, टेबलावर चिमटे, स्क्रू, घासलेटात बुडवलेल्या स्प्रिंगा, आणि एका लाकडी पेटीत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं बसवलेली पितळी वजनं. धंदा वडिलांचा. ते गेल्यावर तिनं गादी धरली तेव्हा बाजार हसला होता. बाईमाणूस काटा दुरुस्त करणार म्हणजे आता सगळ्यांना पावशेर जास्तच मिळणार, असले विनोद झाले. मग पाचपन्नास काटे तिच्या हाताखालून गेले आणि विनोद आपोआप आटले. तिचं खरं नाव आता फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांची ती काटेवाली.

वय एकेचाळीस. नवरा छापखान्यात पुस्तकबांधणी करायचा. मूल नव्हतं. एक झालं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी, सरकारी प्रसूती रुग्णालयात. ते रडलंच नाही. त्यानंतर दुसरं राहिलं नाही. औषधं झाली, दुसऱ्या शहरातले डॉक्टर झाले. सासू होती तोवर दर दोन दिवसांनी ‘वांझ’ हा शब्द स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू यायचा. सासू गेली, शब्दही गेला, आणि घरात दोन माणसं एकमेकांशी फार जपून बोलत राहिली.

त्या रुग्णालयातून काम आलं की ती काहीतरी सबब सांगून टाळायची. पण या वेळी तिथल्या कारकुनानं तीनदा निरोप धाडला. बाळांना लस टोचतात त्या खोलीतला वजनकाटा बिघडला होता. रिकामा असतानाच वजन दाखवतो म्हणे. शेवटी ती म्हणाली, पाठवून द्या दुकानात.

काटा आला. गोल तबकडीचा, वर बाळाला निजवायचं पसरट पांढरं पारडं. तिनं तो उघडला, पुसला, स्प्रिंग पाहिली, पितळी वजनं ठेवून तपासला. पाच ग्रॅमचाही फरक नव्हता. दोन दिवस रिकामा ठेवून पाहिला. सुई शून्यावरून हलली नाही. तिनं तो परत पाठवला. चौथ्या दिवशी तीच तक्रार पुन्हा.

आता मात्र तिला राग आला. ज्या काट्यावर आपला हात फिरला त्याच्याबद्दल कुणी तक्रार करावी हे तिला सहन व्हायचं नाही. पिशवीत हत्यारं टाकून ती सकाळी दहाला रुग्णालयात हजर झाली.

खोली तळमजल्यावर, वऱ्हांड्याच्या शेवटाला होती. उंच खिडक्या, त्यातून भरपूर ऊन. भिंतींना खांद्यापर्यंत हिरवा तेलरंग. छताला मधोमध एक जाड लोखंडी आकडा, त्याला काहीच टांगलेलं नव्हतं. आणि फरशीला चारही बाजूंनी मध्याकडे उतार. मध्ये जाळी बसवलेलं एक भोक. लसीच्या खोलीला मोरीसारखा उतार कशाला, असा प्रश्न तिच्या मनात आला; पण मग तिला हायसंच वाटलं. टेबल तिरपं असणार, दुसरं काय. तिनं टेबलावर पाणसळ ठेवली. पाण्यातला बुडबुडा बरोबर मधोमध उभा राहिला.

झाडलोट करणारी मावशी दाराशी टेकून उभी होती. ती म्हणाली, सकाळी चांगला चालतो हो. अकरा वाजले की बिघडतो. म्हणून तर आम्ही अकराच्या आत बाळं उरकतो.

“उरकतो म्हणजे?”

“म्हणजे नंतर इथं कुणी थांबत नाही,” मावशी म्हणाली आणि बादली उचलून चालती झाली.

काटेवाली स्टूल ओढून बसली. शेवटची बाई बाळाला छातीशी धरून गेली. खोलीत स्पिरिटचा वास तेवढा उरला. अकरा वाजून दहा मिनिटांनी सुई हलली.

पारडं रिकामं होतं. सुई उजवीकडे गेली, दोन किलो साडेसातशेच्या पुढेमागे थरथरत राहिली, आणि थोड्या वेळानं शून्यावर आली. मग पुन्हा हलली. या वेळी तीन किलो शंभर.

ती घाबरली नाही. घाबरायच्या आधी माणसानं खिडकी लावायची असते. तिनं खिडक्या लावल्या. फरशीला तळहात लावून कुठं यंत्राची थरथर जाणवते का ते पाहिलं. काटा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात, मग नुसत्या जमिनीवर ठेवला. काही फरक नाही. एक गोष्ट मात्र तिच्या नजरेतून सुटली नाही. निर्जीव वजन ठेवलं की सुई जाते आणि गप्प उभी राहते. ही सुई तशी उभी राहत नव्हती. ती बारीक बारीक हलत होती, हातपाय झाडणारं काही वर असावं तशी. हा फरक तिला कुणी शिकवायला नको होता.

तिनं वही काढली आणि एकेक वजन लिहायला लागली. दीड वाजता सुई शून्यावर येऊन थांबली ती थांबलीच. वहीत त्रेचाळीस वजनं झाली होती.

घरी तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं की काटा अवघड आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्रेचाळीस. तीच वजनं, त्याच क्रमानं. दर वजनाला जेमतेम सव्वातीन मिनिटं. तिसऱ्या दिवशी ती दुकानातून स्वतःचा काटा घेऊन गेली, नुकताच शिक्का मारून आलेला, ज्यावर कधीच कुणाचं बाळ निजलं नव्हतं असा. रुग्णालयाचा काटा तिनं वऱ्हांड्यात नेऊन ठेवला आणि त्याच्या जागी आपला मांडला. अकरा दहाला त्याचीही सुई हलली. दोन किलो साडेसातशे.

म्हणजे काट्यात दोष नव्हता. दोष खोलीत होता.

आजवर तिनं वजन चालू असताना पारड्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावायचा असं ठरवून ती आली होती, पण हिंमत होत नव्हती. पाच झाली, दहा झाली, वीस झाली. सत्ताविसाव्या वजनाला सुई तीन किलो दीडशेवर गेली. ती नेहमीपेक्षा जास्त थरथरत होती. काटेवालीनं काही विचार न करता हात पुढे केला आणि तळवा पारड्याच्या काठावर ठेवला.

पत्रा कोमट होता.

सुईची थरथर थांबली. हळूहळू, दमादमानं. सव्वातीन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. सुई तीन किलो दीडशेवर तशीच. हात काढावा असं तिला वाटत होतं, आणि काढवत नव्हता. कारण कळत नव्हतं, तरी डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्याचाही तिला राग येत होता.

“हात काढ,” दारातून कुणीतरी म्हणालं. “बाकीच्या खोळंबल्यात.”

मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. काट्याच्या प्रत्येक तक्रारीवर सही त्यांचीच होती. काटेवालीनं हात काढला. सुई शून्यावर गेली, आणि लगेच पुढच्या वजनाकडे वळली.

“बाकीच्या कोण?” तिनं विचारलं.

 सिस्टरांनी टेबलावरची वही उचलली, शेवटचा आकडा पाहिला, आणि भिंतीला धरून स्टुलावर बसल्या. मग खाली, जाळीकडे बघत त्यांनी सांगितलं. ही खोली लसीची नव्हती. त्या काळात छताच्या आकड्याला मोठा दिवा टांगून इथं शस्त्रक्रिया व्हायच्या. पुन्हा मूल राहू नये म्हणून बायकांच्या नळ्या बांधायच्या. वरून आकडा यायचा, अमुक महिन्यात अमुक इतक्या झाल्याच पाहिजेत. झाल्या नाहीत तर बदल्या, बढत्या बंद, सगळ्यांसमोर पाणउतारा. शाळेतल्या बाई, कचेरीतले कारकून, जो तो बायका गोळा करून आणायचा. काहींना सांगायचे, काहींना नाही. काहींना ताकदीची सलाईन लावायची म्हणून आणलेलं, काहींना तपासणी म्हणून. ज्यांनी आपण होऊन होकार दिला त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एक दिवस वरचे मोठे अधिकारी येणार होते. त्या दिवशी अकरा दहाला सुरुवात झाली आणि दीडला संपलं. त्रेचाळीस. मोठ्या डॉक्टरांना त्याबद्दल पदक मिळालं, सगळ्यांचा फोटो निघाला.

“मीपण आहे फोटोत,” सिस्टर म्हणाल्या.

काटेवालीच्या डोक्यात त्रेचाळीस आणि सव्वातीन मिनिटं यांचा हिशेब केव्हाच बसला होता. तिनं फक्त एवढंच विचारलं, “सत्तावीस कोण होतं?”

सिस्टरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“तुझं मूल गेल्यावर आठव्या दिवशी तुला परत बोलावलं होतं ना? आत थोडी सफाई राहिलीय म्हणून.”

“हो.”

“मनगटाला कापडाची चिठ्ठी बांधली होती.”

तिला आठवली. तिच्यावर सत्तावीस लिहिलेलं होतं. खाटेचा नंबर असेल असं तिला त्या वेळी वाटलं होतं. बेंबीखाली दोन टाके पडले होते. सफाईची नळी घातली होती, असं सांगितलं गेलं आणि ते तिनं ऐकलं. बावीस वर्षांची होती, छाती दुधानं ठणकत होती आणि दूध प्यायला कुणी नव्हतं. कुणी काहीही सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं असतं.

“चिठ्ठी मीच बांधली,” सिस्टर म्हणाल्या.

“मला एकही मूल नव्हतं, सिस्टर.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “एकही. तुमच्या त्या नियमात निदान दोन मुलं तरी लागायची ना?”

“चाळीसच्या वर जायचं होतं. वॉर्डात जी जी चालती होती ती घेतली.”

“चालती होती.”

“मी नाही म्हणायला हवं होतं.”

“म्हणाला नाहीत,” काटेवाली म्हणाली. तिनं आपला काटा उचलला. त्याची सुई अजून हलतच होती. वऱ्हांड्यात पाऊल टाकताच ती शून्यावर आली.

ती तशीच छापखान्यात गेली. नवरा खिडकीपाशी बसून पुस्तकाच्या घड्या शिवत होता. तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं, काट्याचंही. तो सुईदोरा हातात धरून ऐकत राहिला. सुई घडीत टोचून ठेवत म्हणाला, “आई तुला जे बोलायची ते...” मग त्यानं जे सांगितलं ते तिला ठाऊक नव्हतं. बारा वर्षांपूर्वी त्यानं गुपचूप स्वतःची तपासणी करून घेतली होती. दोष निघाला नव्हता. तो कागद त्यानं फाडून टाकला.

“का?”

“दोष माझ्यातच असेल असं तुला वाटत राहावं म्हणून. तेवढंच तुझं ओझं कमी.”

तिला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी समोरचा पुस्तकांचा ढीग लाथेनं उडवावासा वाटला. एकोणीस वर्षं. दोन भली माणसं एका घरात राहून एकमेकांना मनातल्या मनात माफ करत बसली होती, ज्या गुन्ह्याचा दोघांशी संबंधच नव्हता त्यासाठी. आणि ज्यांचा संबंध होता त्यांनी फोटो काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अधीक्षकांपुढे जाऊन उभी राहिली. आपल्या शस्त्रक्रियेचा कागद मागितला. अधीक्षक सभ्य होते. त्यांनी बसा म्हटलं. जुने कागद ओलीनं गेले, म्हणाले. तुमची सही असणारच हो, सहीशिवाय इथं कुणाला हात लावत नाहीत. आणि आता एवढ्या वर्षांनी तो कागद मिळून तरी काय करणार, बाई? ते हे सगळं इतक्या समजूतदार सुरात बोलले की तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं खुर्ची मागे सरकवली आणि मोठ्या डॉक्टरांचा पत्ता विचारला. तो मात्र त्यांना तोंडपाठ होता.

डॉक्टरांचं घर टेकडीच्या उतारावर होतं. पुढे लहानशी बाग, रस्त्याकडे उघडणारी रुंद खिडकी. दार सुनेनं उघडलं. तिचा चेहरा रात्ररात्र जागणाऱ्या माणसासारखा ओढलेला होता. कुणाकडे काम आहे हे तिनं नीट विचारलंही नाही. अकरा वाजून गेलेत, एवढंच ती दोनदा म्हणाली.

डॉक्टर खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. पंचाहत्तरीच्या घरातले, पण नजर स्वच्छ. डावा हात कोपरात दुमडून छातीशी धरलेला. भिंतीवर पदक, त्याखाली तो फोटो. काटेवालीनं फोटोत सिस्टरांना ओळखलं. तरुण होत्या, हसत होत्या.

तिनं आपण कोण ते सांगितलं. डॉक्टर दचकले नाहीत. त्यांनी मान हलवली, जणू अशा बायका रोजच येतात.

“मजेखातर केलं असं वाटतं का तुला?” ते म्हणाले. “वर आकडे द्यावे लागायचे. आणि देशाचा विचार कुणीतरी करायलाच हवा होता. तुम्ही करणार होता? सोडलं असतं तर एकेकीनं सहा सहा काढली असती.”

“मला एकच हवं होतं.”

“ते तेव्हा आम्हाला काय माहीत?”

“विचारलंत?”

डॉक्टरांनी छातीशी दुमडलेला हात जरा वर सरकवला.

“माझं नाव तरी विचारलंत?”

“नावं नव्हती,” ते म्हणाले. “नंबर होते.”

“सव्वातीन मिनिटं,” ती म्हणाली. “साधा भाजीवाल्याचा काटा उघडायचा तर मी अर्धा तास घेते. त्याला विचारते, कुठं पडला होता का, कधीपासून बिघडलाय. तुम्ही माझं पोट उघडलंत. बिघडलेलं नव्हतं ते. चांगलं होतं.”

आता तिचा आवाज खोलीभर घुमला. एवढा मोठा आवाज आपल्याला आहे हे तिला आजच कळत होतं.

“हळू,” डॉक्टर म्हणाले.

“का हळू?”

“हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय.”

तिनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान फिरवली.

मग तिला डॉक्टरांचा सदरा दिसला. डाव्या खांद्यावर ओला डाग होता. दुधाचा आंबूस वास येत होता. घरात लहान मूल असल्याची दुसरी कसलीही खूण नव्हती.

सून कुजबुजत बोलायला लागली. दिवसातून चार चार सदरे बदलते हो मी. डाग जातच नाही. दोन वर्षं झाली. यांना तपासणारे डॉक्टर म्हणतात शिरांचा आजार आहे. अकरापासून सुरू होतं. एक ठेवतात, दुसरं घेतात. जेवायला हात मोकळा नसतो त्यांचा.

“बाकीची जातात,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजातला साहेब आता कुठं गेला होता कुणास ठाऊक. “दीडपर्यंत सगळी जातात. हे एकच जात नाही. याला कुणी न्यायलाच येत नाही.”

ते तिच्याकडे पाहत राहिले.

“तूच का ती?”

आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. डावा तळवा डोक्याखाली असावा तसा उताणा, उजवा थोडा खाली. दोन्ही हात भारानं खाली ओढले जात होते.

हातांवर काही नव्हतं.

तिचे हात आपोआप पुढे झाले. बोटांच्या टोकांना ऊब लागली. पारड्याची होती तीच.

एकच पाऊल उरलं होतं.

“घे ना,” डॉक्टर म्हणाले. “घे. मला मोकळं कर.”

त्या एका शब्दावर ती थांबली.

मोकळं.

तिनं हात मागे ओढले. त्याला किती बळ लागलं ते तिचं तिलाच ठाऊक. एकोणीस वर्षांत उचललेलं सगळं लोखंड त्यापुढं काहीच नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “मला न विचारता घेतलंत. आता सांभाळा.”

सून रडायला लागली. काटेवाली तिच्याजवळून गेली, दार उघडलं, पायऱ्या उतरली. बागेतून फाटकापर्यंत ती ताठ चालली. फाटकाला कडी घालताना मात्र तिनं गजांना घट्ट धरलं. छाती ठणकत होती, बावीस वर्षांची असताना ठणकली होती तशी. नको नको म्हणताना तिनं मागे वळून पाहिलं.

रुंद खिडकीत भर उन्हात डॉक्टर दिसत होते. थकून झोपी गेले होते. मान कलली होती, तोंड उघडं पडलं होतं. डावा हात तसाच दुमडलेला. उजवा तळवा मात्र एका संथ लयीत थोपटत होता.

प्रत्येक वेळी तो छातीच्या वीतभर वरच थांबत होता.